नागपुरात स्टीमपंक मिनिएचर खेळ: नियम कोणते घ्यावेत आणि मूर्ती कुठून आणाव्यात?

मोतीबाग_सिग्नल

नमस्कार. टेबलावर मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, मांडून खेळायच्या युद्धखेळांविषयी येथे पूर्वी जी चर्चा झाली, ती बहुतेक मोठ्या सैन्यांच्या खेळांविषयी होती. मला लहान चकमकीच्या, म्हणजे ज्याला स्कर्मिश म्हणतात त्या प्रकाराविषयी विचारायचे आहे. प्रत्येकाकडे सात-आठ मिनिएचर, तीन फूट बाय तीन फुटांचे टेबल आणि दोन-अडीच तासांत निकाल, एवढीच अपेक्षा आहे. विषय मात्र स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांचे काल्पनिक जग, हवा, कारण आम्हा चौघांपैकी तिघे यंत्रांच्याच धंद्यात आहेत, आणि चौथा कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात मुलाला घेऊन जातो खरा, पण मुलापेक्षा स्वतःच जास्त वेळ इंजिनांपुढे उभा असतो.

आमच्यासमोर तीन पर्याय आहेत: मॅलिफॉ, वॉरमशीन आणि इन हर मॅजेस्टीज नेम. पहिले दोन खेळ त्या-त्या कंपनीच्या मिनिएचरभोवतीच रचलेले आहेत. तिसऱ्यात योग्य मापाची कुठलीही मूर्ती चालते. यांपैकी नवख्यांनी कशापासून सुरुवात करावी?

दुसरा प्रश्न पार्श्वभूमीचा आहे. लंडनऐवजी १८७७ सालचे नागपूर घेतले तर कसे? त्या वर्षी १ जानेवारीला एम्प्रेस मिल सुरू झाली, मुंबईची रेल्वे १८६७ पासूनच येत होती, आणि वरोऱ्याच्या खाणींतून कोळसा निघू लागला होता. वाफ, लोखंड, कोळसा आणि कापूस हे सगळे आपल्याच भागात असताना धुक्यातल्या लंडनची उसनवारी कशासाठी, असे मला वाटते. जाणकारांनी मते द्यावीत.

इस्पिक_एक्का

मी पुण्यात असताना मॅलिफॉ पुष्कळ खेळलो, तेव्हा माझे पारडे तिकडेच झुकणार हे समजून वाचावे.

हा खेळ २००९ साली आला आणि २०१९ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात फासेच नाहीत. प्रत्येक खेळाडूची स्वतःची ५४ पानांची गड्डी असते, चार रंगांत १ ते १३ आणि दोन जोकर. हल्ला करताना दोघेही एकेक पान उलटतात, त्यात मिनिएचरचा गुण मिळवतात आणि बेरजा ताडून पाहतात. याशिवाय प्रत्येकाच्या हातात सहा पाने असतात, आणि उलटलेले पान पसंत नसेल तर हातातले पान त्या जागी ठेवता येते. मात्र जो हरत असतो त्याला आधी ठरवावे लागते, आणि काळा जोकर उलटला तर तो बदलताच येत नाही. या एका युक्तीमुळे प्रत्येक झटापट म्हणजे एक छोटी बोली होऊन बसते. समोरच्याने हातातली १२ किंवा १३ कशासाठी राखून ठेवली आहे, हा विचार डोक्यातून जात नाही.

नवख्यांसाठी आणखी एक सोय अशी की गड्डीला स्मृती असते. फेरीच्या सुरुवातीलाच सगळ्या दुऱ्या-तिऱ्या निघून गेल्या असतील, तर त्या फेरीत पुढे चांगली पाने यायची आहेत हे तुम्हाला ठाऊक असते आणि त्या हिशेबाने धाडस करता येते. शिवाय येथे माणसे मारून खेळ जिंकता येत नाही. ठरलेली उद्दिष्टे साधली तरच गुण मिळतात, त्यामुळे दुबळी टोळीही शेवटपर्यंत स्पर्धेत राहते.

खसताटी

मे महिन्यात नागपुरात कूलरसमोर बसून पत्त्यांचा खेळ खेळण्याचा सल्ला देणाऱ्या सद्गृहस्थांचे अभिनंदन. काळा जोकर शेजारच्या गच्चीवर सापडला तर तो बदलता येईल का, हेही नियमांत पाहून सांगावे.

इस्पिक_एक्का

@खसताटी, गच्चीवर गेलेला जोकर जिथे पडला तिथेच लागू होतो. तो शेजाऱ्यांचा प्रश्न.

पितळी_नळी

पत्त्यांचे कौतुक वाचले. ते खेळ म्हणून उत्तमच आहे, परंतु धागा काढणाऱ्यांना स्टीमपंक हवे आहे, आणि मॅलिफॉमध्ये वाफ मुख्यतः चित्रांत आणि कथेत आहे. एखाद्या मिनिएचरच्या पाठीवरचा बॉयलर काढून तिथे गाठोडे चिकटवले तर नियमांत काहीच बदलत नाही. वाफ नियमांत दिसली पाहिजे, एरवी तो टोपीला चष्मा आणि चष्म्याला दातेरी चाके चिकटवण्याचा प्रकार होतो.

या कसोटीवर वॉरमशीन वरचढ आहे. २००३ साली त्याचे पहिले नियम आले, आज तो दुसऱ्या कंपनीच्या हाती आहे आणि त्याच्या चार आवृत्त्या झाल्या आहेत. मी जुन्या आवृत्त्यांविषयी बोलतो आहे. त्यात वॉरकास्टर नावाचा नायक असतो आणि त्याच्या हुकमतीत वॉरजॅक नावाची वाफेवर चालणारी अवजड यंत्रे असतात. नायकाला प्रत्येक फेरीत बळाचे मोजके गुण मिळतात. ते स्वतःसाठी राखायचे की यंत्रांना द्यायचे, हा त्या खेळाचा गाभा. आकडेच पाहा. साधा हल्ला दोन फाशांवर होतो, समजा ७ किंवा अधिक हवेत, तर यशाची शक्यता ३६ पैकी २१ म्हणजे सुमारे ५८ टक्के. एक गुण खर्चून तिसरा फासा घेतला की तीच शक्यता ९१ टक्क्यांच्या आसपास जाते. त्या एका गुणाची किंमत काय आहे हे टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही, कारण नायक मेला की सगळे सैन्य शिल्लक असूनही तुम्ही हरता, आणि दिलेला प्रत्येक गुण त्याच्या संरक्षणातून गेलेला असतो.

माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट म्हणजे यंत्राच्या नुकसानीचा तक्ता. प्रत्येक वॉरजॅकच्या कार्डावर सहा स्तंभ असतात, स्तंभांत चौकटी असतात, आणि काही चौकटींत डावा हात, उजवा हात, चाल, मेंदू यांची आद्याक्षरे असतात. घाव बसला की फासा टाकून स्तंभ ठरवायचा आणि पेन्सिलीने वरून खाली चौकटी खोडत जायच्या. उजव्या हाताच्या सगळ्या चौकटी गेल्या की तो हात लुळा. मेंदूच्या गेल्या की नायकाकडून बळ घेता येत नाही. खेळ संपताना ते कार्ड पाहिले तर यंत्र कुठे-कुठे आणि कोणत्या क्रमाने मोडले याचा सगळा इतिहास त्यावर उमटलेला असतो.

मोतीबाग_सिग्नल

@पितळी_नळी, "वाफ नियमांत दिसली पाहिजे" हे पटले. परंतु वॉरमशीनची मिनिएचर मागवण्याचा खर्च चौघांना झेपेल का, ही शंका आहे.

जकात_नाका

झेपणार नाही. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. तुमचे पार्सल त्या सदरात गेले की मूळ किमतीचा हिशेब विसरून जायचा. त्यावर वाहतूक आणि इतर कर आहेतच. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हही सक्तीचे आहे. माझे एक पार्सल "ही खेळणी आहेत की शोभेच्या मूर्ती" या प्रश्नावर अडून राहिले होते. ज्या कुरिअरवाल्याने ते आणले, त्याच्या फोनवरच्या प्रतिनिधीला मी मिनिएचर म्हणजे काय हे समजावून सांगितले, त्याने ते ऐकून घेतले आणि शेवटी विचारले की यात बॅटरी आहे का. "वाफेवर चालते" असे उत्तर जिभेच्या टोकावर आले होते.

रेझिनवाली

मागवायचेच कशाला? घरगुती रेझिन प्रिंटरवर, म्हणजे द्रव रेझिन थराथराने घट्ट करून वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर, २८ किंवा ३२ मिलिमीटरची मिनिएचर उत्तम निघतात. फाइल विकत घेतली की हव्या तितक्या प्रती काढता येतात, अर्थात परवाना वैयक्तिक वापराचा असेल तर स्वतःपुरत्याच. दुसऱ्याच्या मूर्तीचे स्कॅन करून प्रती वाटणे ही चोरीच आहे, आणि त्या विषयावर कृपया वाद घालू नये.

नागपूरच्या हवेविषयी मात्र सांगण्यासारखे आहे. लोक उन्हाळ्याला घाबरतात, पण छपाईच्या दृष्टीने अवघड आहे तो हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरला की रेझिन काकवीसारखे घट्ट होते, थर नीट चिकटत नाहीत आणि सकाळी टाकीच्या तळाशी नुसता चपटा चिकटा मिळतो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवावी आणि प्रिंटर बंद खोलीत हलवावा. मेमध्ये उलट परिस्थिती असते, छपाई सुरेख होते आणि मूर्ती पक्की करायला अतिनील दिव्याचीही गरज पडत नाही. गच्चीवरचे दुपारचे ऊन काही मिनिटांत काम करते. त्याहून जास्त वेळ विसरलात तर रेझिन ठिसूळ होते आणि भाल्याचे टोक नुसत्या स्पर्शाने तुटते. बंद मोटारीत डबा ठेवला तर बारीक तलवारी वाकतात. त्या गरम पाण्यात बुडवून सरळ कराव्यात आणि लगेच गार पाण्यात धराव्यात.

हातमोजे आणि उघडी खिडकी यांबाबत हयगय नको. धुण्यासाठी वापरलेले अल्कोहोल मोरीत ओतू नये. ते उन्हात ठेवले की त्यातले रेझिन घट्ट होऊन तळाशी बसते, मग गाळून पुन्हा वापरता येते.

खसताटी

रंगाचेही सांगा, ताई. माझा ॲक्रिलिक रंग उन्हाळ्यात मूर्तीवर पोहोचण्याआधी ब्रशवरच वाळतो.

रेझिनवाली

@खसताटी, झाकणाचा पसरट डबा घ्या, तळाशी ओला टिश्यू पेपर आणि त्यावर बटर पेपर. रंग बटर पेपरवर काढायचा, तो दोन दिवस ओला राहतो. प्रायमरचा स्प्रे मात्र सकाळी सहालाच मारावा. दुपारी तो हवेतच सुकतो आणि मूर्तीवर रेती मारल्यासारखा खरखरीत थर बसतो.

उभा_आडवा

साहित्याची चर्चा झकास चालली आहे, पण मला मूळ धाग्यातल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. १८७७ सालचे नागपूर निवडताना आपण काय निवडतो आहोत, याचा विचार व्हावा. १ जानेवारी १८७७ हा दिवस केवळ गिरणी सुरू होण्याचा नाही. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी जाहीर केले, गिरणीला नावही त्यावरूनच मिळाले. आणि तो दरबार चालू असताना मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात दुष्काळाने माणसे मरत होती. नागपूरचे राज्य खालसा होऊन तेव्हा अवघी २३ वर्षे झाली होती. व्हिक्टोरियन स्टीमपंक खेळांत साहेब शिकारीची टोपी घालून पितळी बंदूक रोखतो आणि आपल्याकडचे लोक एक तर पाठीवर सामान वाहतात किंवा मंदिराच्या पायरीवर सुरा घेऊन दबा धरून असतात. तेच सगळे आपण सीताबर्डीच्या पार्श्वभूमीवर पुन्हा रंगवणार असू, तर लंडनचे धुके बरे.

पितळी_नळी

खेळ हा खेळ आहे. बुद्धिबळात प्यादे मरते म्हणून आपण शोकसभा घेत नाही.

उभा_आडवा

@पितळी_नळी, बुद्धिबळातल्या प्याद्याला गाव नसते. आपण गाव, साल आणि तारीख घालून खेळ मांडणार आहोत, तेव्हा त्या तारखेला गावात कोण होते हा प्रश्न आलाच. दुष्काळ टेबलावर आणा असे मी म्हणत नाही. साहेब नायक आणि बाकीचे गर्दी, ही मांडणी आयती उचलू नका, इतकेच.

मोतीबाग_सिग्नल

@उभा_आडवा, आपला मुद्दा रास्त आहे आणि त्याचे उत्तर टोळ्यांच्या निवडीत आहे, असे मला वाटते. इन हर मॅजेस्टीज नेमची मांडणी १८९५ सालची आणि इंग्रजी नजरेची आहे, परंतु त्याच्या नियमांना त्या नजरेची गरज नाही. २०१३ साली आलेल्या त्या लहानशा पुस्तकात टोळी बांधण्याची पद्धत मोकळी आहे: दहा बाजूंचा फासा, लढण्याचा गुण, चिलखताचा आकडा आणि घाव बसल्यावर हिमतीची कसोटी. मग टोळ्या आपल्याच का नकोत? गिरणीचे मिस्त्री आणि तेलवाले, इंजिनात कोळसा टाकणारे रेल्वेचे फायरमन, कापसाच्या गाठींवर पैसा लावलेले इतवारीतले सावकार, आणि १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर झालेली लढाई न विसरलेले भोसल्यांच्या गोलंदाजांचे नातू. काही वर्षांपूर्वी कस्तुरचंद पार्कच्या जमिनीत पुरलेल्या जुन्या तोफा सापडल्या. त्या कोणी, कधी आणि कशासाठी पुरल्या, या एका कल्पनेवर चार डाव सहज रचता येतील. साहेब टेबलावर असेल तर तो वाटाघाटीला आलेला एक परका पाहुणा असेल, कोणाचा नायक नव्हे.

आणखी एक सुचते. एम्प्रेस मिलची जागा जुम्मा तलावाजवळची दलदलीची होती आणि ती भरून काढावी लागली. जमशेटजी टाटांना एका स्थानिक सावकाराने भांडवल नाकारले, कारण हा माणूस सोने जमिनीत पुरतो आहे असे त्याला वाटले, अशी कथा सांगितली जाते. म्हणजे टेबलाचा एक चतुर्थांश भाग दलदल. माणसे तिथून अर्ध्या वेगाने जातात, अवजड यंत्र मात्र रुतते.

इस्पिक_एक्का

तो सावकार माझ्या टोळीत हवा. त्याची खास क्षमता: प्रत्येक फेरीत एकदा कोणत्याही योजनेला नकार.

चाकावरचा_नंदी

यंत्रांसाठी तुम्ही सगळे प्रिंटरकडे पाहता आहात आणि आपल्याकडे दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लोगल्ली लाकडी बैल निघतात हे विसरता आहात. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केल्याचे सांगतात, म्हणजे पार्श्वभूमीतही तो चपखल बसतो. बाजारात मिळणारा सर्वांत लहान नंदी २८ मिलिमीटरच्या माणसाशेजारी ठेवला तर बरोबर अवजड यंत्राएवढा दिसतो, आणि त्याला पाट व चाके आधीपासूनच असतात.

मी शाळेतल्या मुलांसाठी असा एक नंदी केला आहे. वशिंड करवतीने सपाट कापले आणि त्या जागी औषधाच्या बाटलीचे ॲल्युमिनियमचे झाकण उलटे बसवले, तो बॉयलर. बॉलपेनच्या रिकाम्या कांडीचे तुकडे मेणबत्तीवर किंचित वाकवून मानेपासून पोटापर्यंत नळ्या नेल्या. सांधे एम-सीलचे, आणि ते ओले असतानाच सुईच्या नेढ्याने टोचून रिवेटच्या रांगा उठवल्या. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून मोडीतली चाके मिळाली, पण ती मी शोभेसाठी लावली नाहीत. पुढच्या चाकाला लागून एकच ठेवले, जिथे ते खरोखर काही फिरवील असे वाटते. शिंगांवर झूल-बेगडाचे रंग तसेच राहू दिले, वर काळा वॉश, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाचा हात, दिला तेव्हा काजळी बसल्यासारखी झाली.

रेझिनवाली

@चाकावरचा_नंदी, हे माझ्या प्रिंटरच्या पोटावर पाय देणारे आहे, आणि तरीही मी असा नंदी करणार आहे.

खसताटी

वाफेचा बैल विदर्भातच का शोधला गेला नाही याचे आश्चर्य वाटते. शिंगे आहेत, शिट्टी आहे, आणि चालत नाही.

पितळी_नळी

नंदी आवडला. आता त्याला नियम देतो. यंत्राला ० ते ६ असा दाबाचा काटा. कोळसा टाकला की दाब १ ने वाढतो, चाल किंवा हल्ला केला की १ ने उतरतो. ५ किंवा ६ वर खेळी संपवली तर दोन फासे टाकायचे, बेरीज दाबाइतकी किंवा कमी आली तर बॉयलर फुटतो. ५ वर ही शक्यता २८ टक्के, ६ वर ४२ टक्के.

इस्पिक_एक्का

४२ टक्के धोका असेल तर ६ वर कोणी जाणारच नाही. मग तो आकडा काट्यावर ठेवायचा कशाला?

जुना_फायरमन

मी नॅरोगेजवर वाफेच्या इंजिनावर फायरमन होतो. तुमचा खेळ मला येत नाही. नातवाने हा धागा वाचून दाखवला आणि वरचा बॉयलरचा नियम ऐकून लिहिल्याशिवाय राहवले नाही, म्हणून त्याच्याकडून लिहवून घेतो आहे.

दाब वाढला म्हणून बॉयलर फुटतो हा समज सिनेमातला आहे. दाब ठरलेल्या रेषेच्या वर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उचलला जातो, वाफ कर्कश आवाज करीत निघून जाते, कोळसा आणि पाणी वाया जाते, आणि ड्रायव्हर चार शब्द ऐकवतो. भीती असते ती पाणी कमी होण्याची. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, माथ्यावरचा पत्रा कायम पाण्याखाली असला पाहिजे. पाणी खाली गेले तर खालून आग आणि वर नुसती वाफ, मग तो पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि आतल्या दाबाने खचतो. स्फोट होतो तो असा. ते टळावे म्हणून त्या पत्र्यात मऊ धातू भरलेला प्लग बसवतात. पत्रा उघडा पडू लागला की धातू वितळतो आणि वाफ थेट आगीवर सुटते. इंजिन वाचते, पण जागच्या जागी मरते, आणि फायरमनची चौकशी लागते.

दुसरी गोष्ट चढ-उताराची. पाण्याची काच सपाटीवर खरे सांगते. इंजिन उताराला लागून पुढे झुकले की पाणी धुरकांड्याकडे धावते आणि मागच्या फायरबॉक्सवरचे पाणी उतरते. चढावर पुरेसे वाटलेले पाणी माथा ओलांडताच अपुरे ठरते. म्हणून माथ्यावर पोहोचण्याआधीच इंजेक्टर लावून पाणी भरून घ्यायचे, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवले जाई. आणि आपल्याकडच्या कोळशात राख फार, ती वितळून जाळीवर क्लिंकर, म्हणजे दगडासारखा थर, धरते, हवा कोंडते, मग कितीही फावडी मारा, काटा हलत नाही.

मोतीबाग_सिग्नल

काका, आपण नातवाला मुद्दाम लिहायला बसवलेत याबद्दल मनापासून आभार. या एका प्रतिसादाने खेळाचा निम्मा नियम लिहून झाला आहे.

पितळी_नळी

काकांचे म्हणणे मान्य करून नियम नव्याने मांडतो. आता दोन काटे, पाणी आणि दाब, दोन्ही ६ पर्यंत.

दाब ६ च्या वर गेला की फासे नाहीत. व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, दाब २ ने आणि पाणी १ ने कमी होते, आणि यंत्राभोवती तीन इंचांपर्यंत वाफेचा ढग राहतो, ज्यातून कोणालाच दिसत नाही. म्हणजे हवा तेव्हा मुद्दाम दाब वाढवून ढगाआड माणसे पुढे नेता येतील, आणि @इस्पिक_एक्का यांच्या आक्षेपालाही उत्तर मिळेल. प्रत्येक चालीला किंवा हल्ल्याला दाब १ खर्च होतो आणि खेळीच्या शेवटी पाणी १ ने उतरते. पाणी २ किंवा कमी असताना यंत्र उताराला लागले तर दोन फासे, आणि ५ किंवा कमी आले की प्लग वितळला. यंत्र फुटत नाही, जिथे आहे तिथे थांबते आणि पुढे डावभर आडोसा म्हणून उभे राहते. विहीर, तलाव किंवा स्टेशनच्या नळकोंडाळ्याला चिकटून एक खेळी काढली की पाणी पुन्हा ६.

यामुळे टेबलावरची पाण्याची प्रत्येक जागा आपोआप लढण्याची जागा होते. उद्दिष्टे वेगळी आखण्याची फारशी गरजच उरत नाही.

उभा_आडवा

हे उत्तम झाले आहे. १८७७ साल घेऊन पाण्यासाठी लढणे, याला मी तरी आक्षेप घेऊ शकत नाही.

इस्पिक_एक्का

एक व्यावहारिक अडचण दिसते. प्रत्येकी दोन यंत्रे झाली तर दोघांच्या डावातही आठ काटे सांभाळावे लागतील आणि दोन तासांचा डाव चार तासांवर जाईल. दर टोळीला एकच यंत्र ठेवावे. आणि क्लिंकरसाठी तरी माझी गड्डी वापरा: कोळसा टाकताना एक पान उलटायचे, किलवरचे चित्र आले तर जाळी कोंडली, एक माणूस जाळी साफ करेपर्यंत दाब वाढत नाही. ५४ पानांत अशी तीनच पाने आहेत, आणि ती निघून गेली की उरलेला डाव निर्धास्त.

जुना_फायरमन

तीन पाने फार कमी आहेत. आमच्या कोळशाला निम्मी गड्डी लागली असती.

मोतीबाग_सिग्नल

मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्यापुरते असे ठरवतो आहोत: माणसांचे नियम इन हर मॅजेस्टीज नेमचे, टोळ्या वर लिहिलेल्या, दर टोळीला एक नंदी, आणि त्याला @पितळी_नळी यांचे दोन काटे. क्लिंकरची पाने तीनऐवजी सहा, सगळी काळी चित्रे. माणसे @रेझिनवाली ताईंकडून शिकून छापू. मॅलिफॉची एक गड्डी @इस्पिक_एक्का घेऊन येणार असतील तर पावसाळ्यात, म्हणजे कूलर बंद झाल्यावर, तोही खेळून पाहू. पहिल्या डावाची मांडणी: एका बाजूला सीताबर्डीची टेकडी, मध्ये रेल्वेचा रूळ, समोरच्या कोपऱ्यात दलदल आणि तलाव, पाण्याच्या एकूण तीन जागा.

एक शंका उरली आहे. एम-सीलवर ॲक्रिलिक रंग धरतो का? आमच्या पहिल्या नंदीचा सांध्याजवळचा रंग पापुद्र्याने निघतो आहे.

चाकावरचा_नंदी

धरतो, पण एम-सील पूर्ण वाळू द्यावे, एक दिवस तरी. त्यावर हाताचा तेलकटपणा राहतो, तो साबणाच्या पाण्याने पुसून बारीक पॉलिश पेपर फिरवावा आणि मग प्रायमर. लाकडाला वेगळा, एम-सीलला वेगळा असे करू नये, दोन्हींवर एकच हात मारावा. टेकडीचा उतार किती अंशांचा ठेवणार आहात तेही कळवा, कारण माझ्या नंदीची चाके खरी फिरतात आणि तो फासे न टाकताच खाली येतो.